हजेरी

२०२५ साली ३१ ऑगस्टला रविवार आला, आणि नेमका लक्ष्म्या यायचा दिवस. बाकीचा महाराष्ट्र गौरी म्हणतो. आमच्याकडे वैराग-बार्शी भागात त्या लक्ष्म्याच. बाजारपेठेत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. मुखवटे, झालरी, चुड्यांच्या पेट्या, सोळा भाज्या जमवायच्या म्हणून प्रत्येक भाजी छटाकभर मागणाऱ्या बाया आणि त्यांच्यावर करवादणारे भाजीवाले. गणपतीच्या मांडवातून भोंगा. बरोबर त्र्याहत्तर वर्षांपूर्वी याच तारखेला देशातल्या लाखो माणसांच्या कपाळावरचा ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का कायद्याने पुसला होता. मी ज्या रस्त्याने गेलो, त्या रस्त्यावर तरी ही गोष्ट सांगणारा फलक नव्हता. वाढदिवसाचे फलक मात्र मोजून अकरा होते.

गावाबाहेर पारध्यांची आठ-दहा घरं आहेत. निम्मी पत्र्याची, निम्मी अजून पालंच. आसपास उडीद काढायला आलेला, त्यामुळे धडधाकट माणसं रानात गेलेली. एक म्हातारी दारात शेळीला पाला घालत बसली होती. तिच्याजवळ टेकलो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, “आजी, आज तुमचा दिवस आहे. विमुक्त दिन.”

“म्हंजी काय असतंय?”

मी सांगितलं. इंग्रजाचा कायदा, हजेरी, मग तो कायदा कसा गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आज पोलीस येत न्हाईत व्हय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हा लेख लिहायला घेतला तो त्या प्रश्नामुळे.

माझं बालपण वैरागात गेलं. आमच्या गल्लीत एकदा एका घरची तांब्याची घागर चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी थेट पालावर गेली, दोन माणसं उचलली. गल्लीत कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, आमच्या घरातही नाही. आठवड्याने घागर सापडली. ज्यांची होती त्यांच्याच भावकीत, कडब्याच्या गंजीखाली. ती दोन माणसं कधी सुटली, त्यांना किती मार बसला, हे कुणी विचारलं नाही. घागर सापडल्याची गोष्ट आमच्याकडे पुढे कित्येक वर्षं हसत हसत सांगितली जायची. मीही सांगितली आहे.

पालावर थेट जाण्याची ही वाट कुणी पाडली, ते शोधत गेलं की माणूस १२ ऑक्टोबर १८७१ या तारखेपाशी पोचतो. त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा झाला. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरला, आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा आला. मधल्या काळात, १९०८ साली, केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक तयार केलं होतं. कोणती जमात कशी दिसते, कोणता पेहराव करते, कोणती बोली बोलते, चोरीचा माल कुठे दडवते, अशी जमातवार माहिती. कैकाडी, फासेपारधी, भामटा, मांगगारुडी. पशुपक्ष्यांची माहिती देणारी पुस्तकं असतात, त्याच घाटणीचं.

या कायद्याची खरी दहशत त्याच्या बारीक कलमांत होती. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच उरत नसे. आई-बाप कोण, एवढं पुरे. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची. हद्दीबाहेर जायचं तर पास. १९२४ च्या कायद्यात सहा वर्षांच्या पुढच्या आणि अठराच्या आतल्या मुलांना आई-बापांपासून तोडून सरकारी जागेत ठेवायची तरतूद होती. १९३६ साली आंध्रातल्या नेल्लोरला जवाहरलाल नेहरूंनी या कायद्यावर सडकून टीका केली. नागरी स्वातंत्र्य म्हणून जे काही असतं, त्याला हा कायदा मूठमाती देतो, असा त्यांचा सूर होता. मुंबईत १९३७ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पण कायदा तिथेच राहिला.

सोलापूर जिल्ह्यात या कायद्याचं एक पक्कं ठाणं होतं. सोलापूर शहरात आज रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हणा, तो कुठे ते विचारत नाही. विजापुरात स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने तारेच्या कुंपणात या लोकांना ‘सुधारण्या’चा प्रयोग सुरू केला, तो पुढे इलाखाभर पसरला. सोलापुरात त्याला गिरण्यांची जोड मिळाली. जुनी मिल १८७७ पासूनची. मागोमाग बाकीच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीला हात हवे होते, सरकारला माणसं एका जागी हवी होती. दोघांचं जमलं. दिवसा गिरणीत, रात्री तारेच्या आत. कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, आणि हेही खरं की तारेचं दार त्यांच्याच ताब्यात होतं. चांगल्या वागणुकीचा दाखला मिळाला की माणसाला तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळायची. सोलापूरच्या पत्त्यांमध्ये ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे शब्द आजही आहेत, पुढे नंबर. त्या ‘फ्री’चा अर्थ पोस्टमनला ठाऊक असायचं कारण नाही. माझ्या ओळखीचा एक तिथला मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा पत्त्यातून त्याने ‘सेटलमेंट’ काढून टाकलं. ‘फ्री कॉलनी’ ठेवलं. म्हणाला, “सर, बिल्डरचं नाव वाटतंय.”

जे सेटलमेंटच्या बाहेर, आमच्या वैरागसारख्या गावांच्या शिवारात होते, त्यांची हजेरी गावकामगार पाटलाकडे. ही हजेरी नुसत्या वहीतली नोंद नव्हती. रात्री आपल्या बायकापोरांत झोपायचं की नाही, हे दुसऱ्याच्या ओसरीवर ठरायचं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना बोलावून कामं दिली. सोनतळीच्या कॅम्पवर पहाऱ्याला नेमले तेही पारधीच. ज्याला चोर म्हणायचं त्याच्याच हाती किल्ल्या. २६ जूनला राज्यभर शाहू जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून होते. भाषणं होतात, आरक्षणाचा १९०२ चा जाहीरनामा प्रत्येक भाषणात असतो, आणि तो असायलाच हवा. पण हजेरीबंदीचा हुकूम त्याच तोडीचा आहे आणि तो मी फार क्वचित ऐकला आहे. आमच्या भागात आजही शेतकरी उभ्या पिकाच्या राखणीला पारध्याला ठेवतात. रानात राखणदार म्हणून त्याच्यावर विश्वास, गावात आला की संशय. ही विसंगती आमच्याकडे कुणाला खुपत नाही.

आता तारखेचा घोळ. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ च्या ऑगस्टमध्येच रद्द झाला होता. देशभराचा निकाल १९५२ ला लागला. मध्ये केंद्राने अय्यंगार समिती नेमली, तिने कायदा काढून टाका म्हटलं, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सगळीकडून गेला. म्हणजे सोलापूरची माणसं कागदावर देशाच्या तीन वर्षं आधी मोकळी झाली. सेटलमेंटमध्ये मात्र तिसरीच गोष्ट ऐकायला मिळते: पंडित नेहरू सोलापूरला आले, त्यांनी स्वतःच्या हाताने तार तोडली आणि सांगितलं, आजपासून तुम्ही विमुक्त. कुणी हे १९५२ चं म्हणून सांगतं, कुणी १९६० चं. दोघेही डोळ्यांसमोर घडल्यासारखं सांगतात. कापलेल्या तारेचा तुकडा बापाने जपून ठेवला होता, असंही एकाने सांगितलं. इतिहासाचा प्राध्यापक यावर कपाळाला आठ्या घालील. मला त्यात एक वेगळं कळतं. राजपत्रात छापलेली सुटका या लोकांना सुटका वाटली नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने येऊन तार तोडलेली दिसायला हवी होती.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं याच्या उलट झालं. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात सैन्य येऊन तो अमलात आणणारा हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ ला, म्हणजे अडीच वर्षांनी. तिथल्या लोकांनी सण धरला तो या दुसऱ्या तारखेचा. बातमी आपल्यापर्यंत पोचली तो दिवस. ‘जूनटीन्थ’ हे नाव लोकांच्या तोंडी घडलं, जेवणावळी, गाणी, चर्चची प्रार्थना असं करत घरोघर टिकलं. टेक्सास राज्याने सुट्टी दिली १९८० पासून, साऱ्या देशाने २०२१ मध्ये. शंभराहून जास्त वर्षं तो दिवस सरकारशिवाय जगला. कार्टर वूडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, तेव्हा त्याने फेब्रुवारी निवडला. कारण लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या त्या आठवड्यात येत आणि लोक आधीपासूनच जमत. जमलेल्या माणसांपुढे त्याने इतिहास ठेवला. त्या आठवड्याचा महिना झाला तो १९७६ ला. आपल्याकडे २०१५ पासून एप्रिल हा दलित इतिहास महिना म्हणून पाळण्याची सुरुवात काही तरुण स्त्री-कार्यकर्त्यांनी केली, तेही याच हिशेबाने: ११ ला फुले, १४ ला बाबासाहेब. मंडप आधीच असतो.

३१ ऑगस्टला असा मंडप नाही. सोलापुरात संघटना कार्यक्रम घेतात, मेळावे होतात, अलीकडे शासनही या दिवसाची दखल घेऊ लागलं आहे. पण श्रावण-भाद्रपदात पोळा, गणपती, लक्ष्म्या यांची इतकी गर्दी की गावाला आणखी एक दिवस नको असतो. तारीख १९४९ ची धरावी की १९५२ ची, असा वाद मला विचाराल तर फोल आहे. सोलापूरने १९५२ धरलं म्हणजे बंगाल, राजस्थान, तेलंगणातल्या विमुक्तांशी आपलं नातं धरलं. एवढ्यासाठी तीन वर्षं सोडून द्यायला हरकत नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. आपल्याकडे इतिहासाचे दिवस ज्यांच्याकडे माणसं जास्त, मतं जास्त, त्यांचे होतात. वैरागच्या आजूबाजूलाच पाहा. मे १९२४ मध्ये बार्शीत मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, डॉ. आंबेडकर तिथे बोलले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना त्याच वर्षीच्या जुलैतली, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक कामाचे ते अगदी सुरुवातीचे दिवस. बार्शीच्या पलीकडे, आता धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद झाली, तिलाही ते हजर होते. गावकीच्या राबणुकीतून महार-मांगांना सोडवण्याचा तो प्रश्न. त्यावर कायदा झाला १९५८ ला. वतनदाराला पाटलाच्या हाकेला ओ द्यावी लागायची, पारध्याला त्याच पाटलाकडे हजेरी. एकाच ओसरीवर दोघे उभे. तडवळ्याने ती आठवण बऱ्यापैकी जपली आहे, कारण तिथे जपणारा समाज गावात स्थिर आहे, शिकलेला आहे, १४ एप्रिलला रस्त्यावर उतरतो. पालावरच्या माणसाचं गाव दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलं. ज्याला स्वतःची चावडी नाही, त्याने फलक लावायचा कुठे?

त्यातून ‘विमुक्त’ या शब्दाखाली कोण, हेही सरळ नाही. महाराष्ट्राच्या यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातीत, म्हणजे ज्यांनी हा कायदा सर्वांत जास्त सोसला त्यातले हे, आणि विमुक्तांच्या यादीत त्यांचं नाव नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्तांत. भाऊ-भाऊ वर्धा आणि सोलापुरात राहिले तर दोघांचे दाखले वेगळे. हे कैकाडी घरात जी भाषा बोलतात ती तमिळच्या नात्यातली आहे. सरकारी यादीतल्या जिल्ह्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ ला अहवाल दिला. पुढे दादा इदाते यांचा आयोग आला. अहवालांची उंची वाढत गेली आहे.

दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. घर नाही, सातबारा नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मग त्या काळातला कागद कुणाकडे असणार? पोलिसांकडे. सेटलमेंटच्या नोंदवहीत, हजेरीच्या पुस्तकात आजोबाचं नाव आणि जमात अगदी नीट लिहिलेली असते. नातवाला शिष्यवृत्ती हवी असेल तर आजोबा गुन्हेगार म्हणून नोंदलेला सापडावा, अशी देवाकडे प्रार्थना करायची. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला हे जग दाखवलं, दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी मिळाली. करमाळ्याजवळच्या नेरल्याचे लेखक किशोर शांताबाई काळे आपल्याच जिल्ह्यातले. पुस्तकांचा सत्कार करायला आपण कधी कमी पडलो नाही.

सोलापूरहून वैरागला येताना वाटेत नान्नज लागतं. माळढोकाचं अभयारण्य, १९७९ चं. रस्त्यालगत पाट्या, गवताळ माळ, नशीब असेल तर काळविटांचा कळप. पारधी हा फास लावून तितर, लावे, हरणं धरणारा माणूस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचा धंदा संपला, आणि तो संपायलाच हवा होता, माळढोक उरलेच किती? पण धंदा गेल्यावर त्याला जमिनीचा तुकडा मिळाला का, याची पाटी मला त्या रस्त्यावर कधी दिसली नाही. माळावर प्रत्येक झुडपाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं पंचवीस-तीस किलोमीटरवर पालात बसलेली, आणि पक्षी मोजायला बाहेरून माणसं येतात. हे थोडं विषयांतर झालं. पण त्या माळावरून जाताना दर वेळी मनात येतं.

पुन्हा त्या आजीकडे. वय विचारलं तर म्हणाली, “काय की. बा हजेरीला जायचा तवा मी संगं जायची. पाटलाच्या दारात बसवायचा मला. वाटीभर कण्या मिळायच्या.” पाटील कसा होता? “चांगला व्हता. बापाला मारायचा न्हाई.” आधार कार्ड दाखवलं. जन्मतारीख १ जानेवारी १९५५. आमच्या पिढीच्या मास्तरांनी सगळ्यांना १ जून दिला, आधारवाल्यांनी १ जानेवारी. तारीख ठाऊक नसलेल्यांचा देशभर एकच वाढदिवस.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. आजीची आठवण खरी असेल आणि हजेरी १९४९ ला बंद झाली असेल, तर तिचं वय आज ऐंशीच्या पुढे हवं आणि कार्डाने तिची निदान दहा वर्षं खाल्ली. म्हाताऱ्यांना मिळणारे पैसे तेवढे उशिरा सुरू झाले. आणि कार्ड खरं असेल, तर ती बापाचं बोट धरून पाटलाच्या दारात बसली ती १९६० च्या आसपास, कायदा जाऊन दहा-अकरा वर्षं झाल्यावर. तेही अशक्य नाही. जुना कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नाही, पण वही पोलिसाकडेच राहिली. आणि कायदा नसला तरी पाटलाला सवय असते, पारध्यालाही. मुंबईने रद्द केलं ते वैरागच्या शिवारात कुणी दवंडी पिटून सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

दोन्हींतलं खरं कोणतं, हे आजीला विचारून उपयोग नव्हता. तिच्या लेखी ते एकच होतं.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा रानात गेलेली माणसं आली होती. एका पोराने उडदाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या तो बहिणीबरोबर सोलत होता. आश्रमशाळेत सातवीला आहे, गणपतीच्या सुट्टीला आलेला. त्याला विचारलं, आज काय आहे ठाऊक आहे का? तो म्हणाला, “लक्ष्म्या.” मग थोडा थांबून, “आणि सरांनी सांगितलंय, निबंध लिहून आणायचाय. विमुक्त दिन.” वही काढून दाखवली. मथळा लिहिला होता, खाली लाल रेघ, तारीख. बाकी पान कोरं. म्हणाला, “काय लिहायचं ते कळंना. पुस्तकात न्हाई.”

मी म्हटलं, “आजीला विचार की.”

त्याने आजीकडे पाहिलं. ती शेळी बांधत होती. “तिला काय ठाऊक असतंय,” तो म्हणाला, आणि शेंगा सोलायला लागला.